नागस्वरसम्राट राजरत्नम पिळ्ळै

मंगलवाद्य म्हटले की आपणा मराठी माणसांच्या कानांत प्रथम सनई वाजू लागते. देवळाच्या नगारखान्यात सनई, लग्नाच्या मांडवात सनई, दिवाळीच्या पहाटे आकाशवाणीवरही सनईच. परंतु या सनईला दक्षिणेत एक थोरले भावंड आहे आणि त्याचे नाव नागस्वर किंवा नादस्वर, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. कधी एखाद्या चित्रपटात ते ऐकू आले तर आपण त्याला मद्रासी सनई म्हणून मोकळे होतो. मीही कालपरवापर्यंत तसेच म्हणत होतो. पुढे एका संगीतप्रेमी प्राध्यापकांनी मला तिरुवावडुतुरैच्या टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांच्या तोडी रागाचे जुने ध्वनिमुद्रण ऐकविले आणि या माणसाविषयी मिळेल ते वाचण्याचा मला नादच लागला. त्या वाचनातून जे हाती आले ते आपल्या महाविद्यालयातील वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम वाद्याविषयी थोडे. दोन पात्यांच्या जिव्हाळीतून फुंकर घालून वाजविण्याच्या वाद्यांचे घराणे फार मोठे आहे. इराणात सुर्ना, तुर्कस्तानात झुर्ना, चीनमध्ये स्वोना, उत्तर हिंदुस्थानात शहनाई, आपल्याकडे सनई आणि तमिळ देशात नागस्वर. या सर्वांची ठेवण एकच. वर अरुंद आणि खाली रुंद होत जाणारी नळी, तोंडाशी जिव्हाळी आणि टोकाला कर्णा. आपल्या देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला, त्यातही ‘मधुकरी’ नावाच्या अशाच एका सुषिर वाद्याचे वर्णन आहे. या साऱ्या भावंडांच्या नशिबी कामही बहुधा सारखेच आले. लग्न, मिरवणूक, देवाची पालखी, राजाची स्वारी. म्हणजे सारे काम उघड्या आकाशाखालचे. गर्दीच्या गलक्यातून आवाज दूरवर पोचला पाहिजे, म्हणून ही वाद्ये उंच सुराची आणि कडक आवाजाची. नागस्वर तर त्यांत सर्वांत दणदणीत. त्याच्या जोडीला तविल नावाचा मोठा ढोल असतो. त्याची एक बाजू काठीने आणि दुसरी बोटांवर टोपणे चढवून वाजवितात. सूर धरण्यासाठी ओत्तु नावाचे, स्वरांची छिद्रे नसलेले लांब वाद्य असते. आपल्या सनईवाल्याच्या शेजारी एकच सूर धरून बसणारा साथीदार असतो, तसाच हा प्रकार. या सगळ्या ताफ्याला तमिळमध्ये ‘पेरिय मेळम’ म्हणतात.

हे वाद्य वाढले ते मुख्यतः कावेरीच्या काठी, तंजावर प्रांतात. तंजावर म्हटले की आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापिलेले तेथील मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती जेव्हा तंजावरच्या परिसरात रचना करीत होती, तेव्हा गादीवर भोसले घराण्यातील राजे होते. दुसऱ्या सरफोजीराजांच्या अमदानीत (१७९८ ते १८३२) तर दरबारात पाश्चात्त्य वाद्यवृंदही नांदत होता. राज्य गेल्यावर गवयांना आणि वादकांना आश्रय उरला तो देवळांचा, जमीनदारांचा आणि शैव मठांचा. अशा मठांपैकी एक तिरुवावडुतुरैचा. तमिळ साहित्याची जुनी हस्तलिखिते शोधून काढणारे महामहोपाध्याय उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांचे शिक्षण याच मठाच्या छायेत झाले. विद्या आणि संगीत या दोहोंना तेथे मान होता.

राजरत्नम यांचा जन्म २७ ऑगस्ट १८९८ रोजी झाला. वडील कुप्पुस्वामी पिळ्ळै, आई गोविंदम्माळ. पाळण्यातले नाव बालसुब्रह्मण्यम. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि मामा तिरुमरुगल नटेश पिळ्ळै यांनी मुलाला दत्तक घेतले. मामा स्वतः नामांकित नागस्वरवादक होते. राजरत्नम हे नाव त्यांनीच ठेवले आणि नावातले ‘एन’ हे अक्षर नटेश पिळ्ळै यांचे. दुर्दैवाने हेही छत्र फार काळ लाभले नाही. परंतु मठाचा आधार होता. मुलाला प्रथम गाणे शिकविले ते तिरुकोडिकावल कृष्ण अय्यर यांनी, आणि हे गुरुजी स्वतः व्हायोलिनचे श्रेष्ठ वादक होते. त्यानंतर अम्माछत्रम कण्णुस्वामी पिळ्ळै यांच्याकडे नागस्वराची तालीम झाली. या क्रमाला माझ्या मते फार महत्त्व आहे. राजरत्नम आधी गवई झाले आणि मग वादक. पुढे त्यांनी वाद्याकडून जे मागितले ते गळ्याने मागितलेले होते.

आता त्या काळी नागस्वर वाजविणाऱ्याची समाजातील जागा कोणती होती, हे पाहिल्याशिवाय पुढील हकिकतीचा अर्थ लागणार नाही. हे वादक मुख्यतः इसै वेळाळर समाजाचे. देवाच्या मिरवणुकीत ते रात्र रात्र वाजवीत. एकेका रागाचा विस्तार तासन्‌तास चाले आणि मोठमोठे गवई तो ऐकायला उभे राहत. राग कसा फुलवावा हे आपण नागस्वराकडून शिकलो, असे सांगणारे गवई दक्षिणेत पुष्कळ झाले. परंतु कलेला हा मान असताना कलावंताला मात्र तो नव्हता. त्याने चालत वाजवायचे, उभ्याने वाजवायचे, थोरामोठ्यांसमोर अंगात सदरा घालायचा नाही, अंगवस्त्र खांद्यावर न टाकता कमरेला बांधायचे. बैठकीत मंचावर बसायचा मान गवयाला आणि त्याच्या साथीदारांना होता. नागस्वरवाला दाराबाहेर.

हे वाचताना मला आमच्या गावाकडची लग्ने आठवली. वाजंत्री मांडवाच्या कडेला एका फाटक्या जाजमावर बसलेले असत. मुहूर्ताच्या वेळी त्यांची आठवण होई, आणि मंगलाष्टके संपली की कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. पंगती उठल्यावर, उरलेसुरले आटोपताना, त्यांची पाने मांडली जात. त्यांतल्या एका म्हाताऱ्याची भैरवी इतकी गोड असे की पाणी भरणाऱ्या बायका घागर खाली ठेवून क्षणभर थांबत. पण त्याचे नाव काय, हे मी गावात कधी कुणाच्या तोंडून ऐकले नाही. तो केवळ वाजंत्री होता. तेव्हा दाराबाहेरची ही जागा फक्त तंजावरची नव्हती.

राजरत्नम यांनी या जागेवर राहण्यास नकार दिला. हा नकार दोन अंगांनी झाला. एक अंग त्यांच्या वागण्याचे आणि दुसरे खुद्द वाद्याचे. सामान्यतः लोक पहिल्याचीच चर्चा करतात, कारण ते रंगतदार आहे. त्यांनी शेंडी काढून केस कापले, अंगात रेशमी सदरा आणि शेरवानी चढविली, बोटांत हिऱ्याच्या अंगठ्या घातल्या. मंच असेल, बैठक असेल, तरच वाजवीन, आणि गवयाला जो मान तोच मला, ही त्यांची अट. बिदागीही मोठ्या गवयाच्या तोडीची. नादस्वरचक्रवर्ती हे बिरुद ते स्वतः मोठ्या थाटाने मिरवीत. ज्यांना हे रुचले नाही त्यांनी त्यांना उर्मट ठरविले. मला तसे वाटत नाही. ज्याला शतकानुशतके खाली मान घालायला लावली, त्याने मान सरळ केली तरी ती ताठ दिसते.

दुसरे अंग अधिक खोल आहे. तेव्हा प्रचारात असलेल्या नागस्वराला ‘तिमिरी’ म्हणत. तिची नळी आखूड आणि सूर उंच. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर तिचा षड्ज पांढरी चार-पाचच्या आसपास असे. पुरुष गवई गातात त्याहून ही पट्टी बरीच वर. मैदानात तो स्वर शोभे, पण चार भिंतींच्या आत समोर बसून ऐकणाऱ्याला तो बोचे. शिवाय तिमिरीत आणखी एक अडचण होती. तिच्या छिद्रांतून तीव्र मध्यम सहज निघे. शुद्ध मध्यम मात्र ओठांच्या आणि श्वासाच्या दाबाने जुळवून काढावा लागे. आता तोडी, शंकराभरणम, कांभोजी, खरहरप्रिया असे कर्नाटक संगीतातले भले भले राग शुद्ध मध्यमाचे. म्हणजे ज्या रागांत वादकाने सर्वाधिक रमायचे, त्यांतच दर वेळी वाद्याशी झुंज.

कुंभकोणमजवळ नरसिंगम्पेट्टै नावाचे एक लहानसे गाव आहे. नागस्वर घडविणाऱ्या सुतारांची घरे तेथे आहेत. त्यांतील रंगनाथन आचारी या कारागिराकडे राजरत्नम यांनी आपले गाऱ्हाणे नेले. वादकाने वाजवून दाखवायचे, कारागिराने भोक सरकवायचे, नळी बदलायची, पुन्हा वाजवायचे, असा हा उद्योग. त्यातून जे वाद्य सिद्ध झाले ते ‘पारी’ नागस्वर. त्याची लांबी अडीच फुटांहून अधिक, पट्टी पांढरी दोनच्या आसपास उतरलेली आणि शुद्ध मध्यम सरळ छिद्रातून निघणारा. नळी लांबली की सूर खाली येतो, हे शास्त्र सोपे आहे. परंतु लांब नळीला श्वास अधिक लागतो, छिद्रे एकमेकांपासून दूर जातात, बोटे ताणावी लागतात, जिव्हाळीही निराळी घ्यावी लागते. म्हणजे वादकाला हाताला बसलेले वळण मोडून नवे लावून घ्यावे लागते. कीर्ती मिळालेल्या माणसाने हे करणे सोपे नव्हे.

या वाद्याची घडणही सांगण्यासारखी आहे. नळीसाठी ‘आच्चा’ नावाचे लाकूड वापरतात. तमिळ लोक ज्याला आच्चा म्हणतात तोच आपला अंजन, खानदेशच्या डोंगरांत वाढणारा. लाकूड ताजे चालत नाही. जुनी घरे उतरविली जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि खांब कारागीर विकत घेतात. वर्षानुवर्षे सुकलेले लाकूडच फाटत नाही आणि सुरात टिकते. नळीवर वाजविण्याची सात छिद्रे असतात. त्यांच्या खाली आणखी पाच असतात, ती मेणाने कमीअधिक बुजवून सूर जुळवितात. जिव्हाळीला ‘शीवाळि’ म्हणतात आणि ती कावेरीकाठच्या एका बोरूसारख्या गवतापासून करतात. वाद्याला दोऱ्याने जादा जिव्हाळ्या आणि त्या साफ करण्याची सुई अडकविलेली असते. वाजविताना गमके काढायची ती बोटांपेक्षा फुंकीच्या आणि ओठांच्या दाबाने. म्हणूनच नागस्वर हे गळ्याच्या इतके जवळ जाऊ शकते, पण त्यासाठी छातीत दम आणि मनात गाणे, दोन्ही हवे.

राजरत्नम यांच्याकडे दोन्ही होते. त्यांची तोडी हा दक्षिणेत दंतकथेचा विषय आहे. कर्नाटक तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे, म्हणजे ऋषभ, गांधार, धैवत, निषाद कोमल आणि मध्यम शुद्ध. आपण भैरवीने मैफल संपवितो. ते लोक तोडीला मैफलीच्या मध्यभागी बसवितात आणि तिच्यापाशी तासभर थांबतात. मी ऐकलेल्या ध्वनिमुद्रणात तो विस्तार अर्थातच आटोपता आहे, कारण जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तरीही एक गोष्ट स्पष्ट कळते. गांधारावर ते नुसते थांबत नाहीत, त्याला झुलवितात. वर चढताना घाई नाही आणि अचानक एक लांब तान अशी कोसळते की श्वास कुठे घेतला ते समजत नाही. बिनशब्दांचे असूनही ते गाणे वाटते. जी. एन. बालसुब्रह्मण्यम यांच्यासारख्या नामवंत गवयाने आपल्या गायकीवर राजरत्नम यांचा प्रभाव मानला, यात नवल नाही. गवयांकडून शिकलेल्या वादकाने गवयांची परतफेड केली. नीडामंगलम मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्यासारख्या श्रेष्ठ तविलवादकाची साथ त्यांना लाभली, हेही त्यांच्या मैफलींचे भाग्य.

काळही अनुकूल होता. तबकड्या घरोघरी पोचल्या. १९३८ मध्ये मद्रासला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. ध्वनिक्षेपक आल्यावर वादकाला केवळ मोठ्या आवाजाची गरज उरली नाही. नगारखान्यातले वाद्य दिवाणखान्यात यायचे तर त्याचा कडकपणा कमी व्हायला हवा होता, आणि पारीने नेमके तेच साधले. हळूहळू ओत्तूची जागाही श्रुतिपेटीने घेतली. १९४० मध्ये एलिस डंगन या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘काळमेगम’ या तमिळ चित्रपटात राजरत्नम यांनी काळमेगम या जुन्या कवीची प्रमुख भूमिकाही केली. चित्रपट फारसा चालला नाही. पण एका नागस्वरवादकाला नायक म्हणून पडद्यावर आणावे असे कुणाला वाटले, यातच त्यांच्या लोकप्रियतेची साक्ष आहे.

ऑगस्ट १९४७ मध्ये तिरुवावडुतुरै मठाची मंडळी सोन्याचा मुलामा दिलेला सेंगोल, म्हणजे राजदंड, पंडित नेहरूंना देण्यासाठी दिल्लीला गेली. त्यांच्याबरोबर मठाचे आस्थानविद्वान म्हणून राजरत्नम पिळ्ळै होते. त्याच दिवसांत लाल किल्ल्यावर उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई झाली. एकीकडे काशीची शहनाई आणि दुसरीकडे कावेरीचे नागस्वर. ज्या वाद्यांच्या वादकांना दाराबाहेर बसवीत, त्यांनीच स्वतंत्र देशाच्या दारात सूर धरला, हा योग मला विलक्षण वाटतो.

एवढे लिहून थांबलो तर चित्र अपुरे राहील. राजरत्नम हे संत नव्हते. पैसा आला तसा गेला. मद्यपान होते. कबूल केलेल्या मैफलीला न जाणे होते. पाच लग्ने झाली, त्यामुळे संसार कधी सुखाचा म्हणता आला नाही. त्यांच्या लहरीचे किस्से आजही चवीने सांगितले जातात. मला मात्र त्या किश्शांतून एक शंका येते. जन्मभर प्रत्येक बैठकीत आपली जागा भांडून मिळवावी लागलेल्या माणसाला शेवटी भांडणाचीच सवय लागली असेल काय? याचे उत्तर देणे कठीण आहे. पण ज्यांना ती जागा जन्मतःच मिळाली त्यांनी या लहरींना हसू नये, एवढे खरे.

१९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. मद्रासच्या म्युझिक अकॅडमीची संगीतकलानिधी ही पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. १९५६ मध्ये ती तिरुवीळिमिळलै सुब्रह्मण्य पिळ्ळै या नागस्वरवादकाला मिळाली, म्हणजे ते दार उघडले खरे. ज्याने सर्वांत जोराने धक्का दिला तो मात्र त्या दारातून आत गेला नाही.

त्यांच्या मागे त्यांचा वारसा चालविला तो कारुकुरिचि अरुणाचलम या शिष्याने. ‘कोंजुम सलंगै’ या १९६२ च्या चित्रपटात एस. जानकी यांच्या गळ्याशी स्पर्धा करणारे त्यांचे नागस्वर तमिळनाडूत अजून ऐकले जाते. आंध्रातून येऊन श्रीरंगमला स्थायिक झालेले शेख चिन्न मौलाना हे राजरत्नम यांना मनोमन गुरुस्थानी मानीत. धर्माने मुसलमान असलेला हा वादक देवळादेवळांतून रामभक्तीच्या कृती वाजवीत असे, आणि १९९८ मध्ये त्यांना संगीतकलानिधी पदवी मिळाली. आज मैफलीत जे नागस्वर ऐकू येते ते बहुतेक पारीच असते. तिमिरी क्वचितच कानावर पडते.

येथे चीनच्या स्वोनाची आठवण होते. १९५० नंतर तेथे सरकारी वाद्यवृंदांसाठी स्वोनाला पितळी चाव्या बसविल्या गेल्या, खर्जाचे मोठे स्वोना घडविले गेले, संगीतविद्यालयांत त्याचा अभ्यासक्रम आखला गेला. मागे राज्यसंस्था होती. नागस्वराची सुधारणा मात्र एक हट्टी वादक आणि खेड्यातला एक सुतार यांनी केली. तिला चाव्या लागल्या नाहीत, परदेशी नमुना लागला नाही. वाद्य जसेच्या तसे राहिले, फक्त ते माणसाच्या गळ्याच्या उंचीला आले. पण मागे संस्था नसल्याचा तोटाही झाला. एक राजरत्नम मंचावर बसले म्हणून सगळे वादक बसले असे घडले नाही. गावोगावचे नागस्वरवादक आजही मुख्यतः देऊळ आणि लग्नसराई यांवरच जगतात, आणि मोठ्या मैफलींत नागस्वराच्या वाट्याला पुष्कळदा उद्‌घाटनाची मंगल घटकाच येते.

२०२२ मध्ये नरसिंगम्पेट्टैच्या नागस्वराला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे त्या गावाचे नाव अधिकृत नोंदीत गेले, ही समाधानाची बाब. आपल्याकडे सनईच्या बाबतीत काय चालले आहे, हे प्रत्येकाने आपल्याच गावात पाहावे. मंगलकार्यालयात आता सनई यंत्रावर लागते, आणि जो कोणी वाजंत्री उरला आहे त्याला आपण अजूनही नाव विचारीत नाही. निदान पुढच्या लग्नात त्याला नाव विचारावे, त्याचे पान पहिल्या पंगतीत मांडावे, आणि त्याची भैरवी संपेपर्यंत बोलणे थांबवावे. राजरत्नम पिळ्ळै यांनी जन्मभर भांडून मागितले ते याहून फारसे वेगळे नव्हते.